पंधरा आणि पन्नासच्या मध्ये अडकलेली सॅन स्टॉर्म

सॅन स्टॉर्म ही गाडी आता किती जणांच्या लक्षात असेल सांगता येत नाही. सॅन मोटर्स नावाच्या आपल्याच एका भारतीय कंपनीने १९९८ च्या सुमारास ही दोन सीटची, टप काढता येणारी छोटी स्पोर्ट्स कार बाजारात आणलेली. फायबरची बॉडी, रेनोचं ११४९ सीसीचं पेट्रोल इंजिन, ताकद म्हणाल तर ६० हॉर्सपॉवरच्या आसपास. आजच्या कुठल्याही साध्या हॅचबॅकमध्ये यापेक्षा जास्त ताकद असते. पण त्या काळात रस्त्यावर मारुती ८००, झेन, इंडिका एवढंच दिसायचं आणि त्यात ही बुटकी उघडी गाडी बाजूने गेली की माणसं थांबून बघायची. मी ती पहिल्यांदा बघितली गोव्यात, कॉलेजात असताना, आणि तेव्हापासून ती डोक्यातून गेलीच नाही. खप बेताचाच राहिला आणि पुढे ती बनायचीच बंद झाली.

अशी एक २००१ ची स्टॉर्म मी घेतली, पुन्हा रस्त्यावर आणली, आणि रीतसर कागदपत्रांसकट महाराष्ट्रात माझ्या नावावर केली. हे सगळं करताना जे जे समोर आलं ते लिहून ठेवतोय, कारण मी शोधत होतो तेव्हा मराठीत सोडा, इंग्रजीतही एका जागी काही सापडलं नव्हतं, तुकडे तुकडे गोळा करावे लागले.

गाडी होती म्हापशाकडे एका घराच्या पडवीत, ताडपत्रीखाली. मालक वारलेले, त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना आंटीच म्हणायचो, त्यांना ती भंगारात द्यायची नव्हती. भंगारवाला दोनदा येऊन गेलेला. मी बघायला गेलो तेव्हा त्यांनी आधी मला बसवून चहा दिला आणि विचारलं, "तू ती चालवतलो मरे? कापून विकपाक ना न्हय?" मी सांगितलं चालवणार. सव्वा लाखात व्यवहार ठरला. त्यापेक्षा जास्त देणारं गिऱ्हाईक त्यांच्याकडे येऊन गेलं होतं हे मला नंतर कळलं.

आता लोकांना वाटतं जुनी गाडी उभी करायची म्हणजे इंजिन, पेंट, सीट. खरं काम कागदापासून सुरू होतं, आणि माझा सल्ला विचाराल तर स्पॅनरला हात लावायच्या आधी आरसी बुक हातात घ्या आणि बघा की ती गाडी सरकारच्या लेखी जिवंत आहे का. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, पुढे दर ५ वर्षांनी फॉर्म २५ भरून नूतनीकरण. ह्या गाडीचं २०१६ ला एकदा झालेलं, २०२१ ला संपलं, आणि त्याच सुमारास मालक गेले त्यामुळे पुढे कुणी काही केलं नाही. म्हणजे गाडी एका वारलेल्या माणसाच्या नावावर, रजिस्ट्रेशन संपलेलं, विमा संपलेला, पीयूसी नाही, आणि आरसी म्हणजे ते जुनं कागदी पुस्तक.

यातला सगळ्यात मोठा अडसर कुठला निघाला असेल तर शेवटचा, तो कागदी पुस्तकाचा. आज आरटीओचं सगळं काम सरकारच्या 'वाहन' नावाच्या पोर्टलवर चालतं आणि पोर्टलवर ह्या गाडीचा नंबर टाकला की रेकॉर्डच येत नव्हतं. रेकॉर्ड नाही म्हणून पीयूसीवाला सर्टिफिकेट काढू शकत नाही कारण त्याचं मशीन वाहनकडूनच माहिती ओढतं, पीयूसी आणि विमा नाही म्हणून नूतनीकरण नाही, विमा कंपनी म्हणते आरसी चालू दाखवा. एकाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात. ह्यावर उपाय आहे, त्याला बॅकलॉग एंट्री म्हणतात, म्हणजे ज्या आरटीओत गाडी मुळात पासिंग झाली तिथल्या जुन्या रजिस्टरमधून नोंद काढून ती पोर्टलवर चढवायची. तिथले एक कर्मचारी खरंच भले निघाले, त्यांनी रेकॉर्ड रूममधून २००१ चं रजिस्टर काढून आणलं, आणि नोंद मिळाली तेव्हा आम्ही दोघंही खूश झालो. ती मिळाली नसती तर पुढचं काहीच झालं नसतं. नोंद चढवताना मेकर आणि मॉडेलच्या यादीतून निवडायचं असतं, तिथे परत थोडं अडलं कारण ही कंपनी कोण हेच कुणाला माहीत नाही, पण ते वरच्या पातळीवरून सुटलं.

मग वारसाचं. मालक गेल्यावर गाडी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो. महाराष्ट्रात असं काम साधारण प्रतिज्ञापत्र, मृत्यूचा दाखला, बाकी वारसांची ना हरकत यावर होतं, पण गोव्यात वारसाहक्काचा कायदाच वेगळा, तिथे डीड ऑफ सक्सेशन, म्हणजे वारस कोण हे नोंदवणारा दस्त, करावा लागतो, स्पेशल नोटरीसमोर, साक्षीदार घेऊन. आंटींचा एक मुलगा पोर्तुगालला, त्याच्या सह्या हव्यात. तो बिचारा सुट्टीवर आला तेव्हाच ते झालं. जुनी गाडी गोव्यातून घेणाऱ्यांनी हे आधी विचारून घ्या की मालक हयात आहेत का, कारण गाडी स्वस्त मिळते आणि ह्या एका गोष्टीत वर्ष जातं.

आता गंमत बघा, नूतनीकरणासाठी गाडी प्रत्यक्ष इन्स्पेक्टरसमोर उभी करावी लागते. चालती. ब्रेक, दिवे, हॉर्न, वायपर, सीटबेल्ट, सगळं चालू. आणि हे मूळ आरटीओत, म्हणजे गोव्यात. मी राहतो कोकणात, सीमेच्या अलीकडे. संपलेल्या रजिस्ट्रेशनची गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, म्हणून ती फ्लॅटबेड ट्रकवर टाकून महाराष्ट्रात आणायची, इथे दुरुस्त करायची, परत फ्लॅटबेडवर टाकून गोव्यात न्यायची, तिथे पास करायची, दुसऱ्या राज्यात न्यायची एनओसी (ना हरकत दाखला) घ्यायची आणि मग इथे आणायची. ह्या ने-आणीलाच तीस हजाराच्या आसपास गेले. गाडीचं एकही नट न फिरवता गेलेले पैसे आहेत हे.

बॉडीचं काम कुठे करायचं हा माझ्यापुढचा खरा प्रश्न होता. पत्र्याच्या गाडीचे डेंटर गावोगावी आहेत, फायबरच्या गाडीचं काम कोण करणार? पुण्यातल्या एका नावाजलेल्या वर्कशॉपने नुसत्या बॉडीचे अडीच लाख सांगितले. मग लक्षात आलं की फायबरचं काम कोकणात पिढ्या नाही म्हणता येणार पण निदान पंचवीस-तीस वर्षं चालू आहे, ते होड्यांचं. मालवणला होड्या बनवणारे एक काका आहेत, त्यांना फोटो दाखवले, ते गाडी बघायला आले, बोनेटवर बोटाच्या पेराने टकटक करत सगळीकडून फिरले आणि म्हणाले, "ही होडीच आसा रे, चाकां लावलेली." तिथेच माझा जीव भांड्यात पडला.

त्यांनी जे दाखवलं ते कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. फायबर स्वतः गंजत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. पण फायबरच्या आत जिथे बोल्ट बसवायला लोखंडाच्या पट्ट्या आणि नट घातलेले असतात ते गंजतात, गंजलं की लोखंड फुगतं, आणि फुगलं की आतून फायबर फोडतं. वरून बघितलं तर फक्त केसासारख्या बारीक चिरा दिसतात, कोळ्याच्या जाळ्यासारख्या, आणि कुणीही म्हणेल की लांबी मारा, घासा, रंग द्या. तसं केलं तर एका पावसाळ्यात त्या चिरा रंगातून वर येतात. काकांनी बिजागऱ्यांजवळचं सगळं मागच्या बाजूने कोरून काढलं, लोखंडाच्या जागी स्टेनलेसच्या पट्ट्या घातल्या, आणि मग फायबरच्या चटईसारख्या मॅटचे थर एकावर एक, रेझिन (सुकून कडक होणारा चिकट द्रव) लावून, ब्रशने हवा दाबून काढत. एकेका जागेला ते हाताने परत टकटक करून आवाज ऐकायचे, भरीव आवाज आला नाही की परत काढायचे. जुलैमध्ये मी घाई करत होतो तर त्यांनी साफ नकार दिला, हवेत एवढी ओल असताना रेझिन नीट धरत नाही, चिकट राहतं, दसऱ्यानंतर ये म्हणाले. दसऱ्यानंतरच गेलो. सगळं मिळून त्यांनी ९० हजार घेतले आणि मला ते कमीच वाटतात, कारण ते काम पुढची वीस वर्षं बघायला लागणार नाही. रंगाचे ७५ हजार वेगळे, दुसऱ्या माणसाकडे.

इंजिनची बाजू मात्र मी समजत होतो त्यापेक्षा सोपी निघाली, आणि ह्याचं कारण असं की ते इंजिन रेनोचं डी७एफ. हेच इंजिन युरोपात ट्विंगो, क्लिओ, कांगू अशा लाखो गाड्यांमध्ये बसलेलं आहे. त्यामुळे टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, गॅस्केट सेट, सेन्सर हे सगळं आजही फ्रान्स, जर्मनीत नवं मिळतं, किमतीही फार नाहीत. फार होतं ते कुरिअर आणि कस्टम. पार्टची किंमत एक, त्यावर कुरिअर, मग ड्युटी, मग त्या सगळ्यावर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, आणि कुरिअर कंपनीचं स्वतःचं क्लिअरन्स शुल्क. मी एक शिकलो की सुटं सुटं मागवू नये, यादी पूर्ण करून एकदाच मागवावं आणि बिलात प्रत्येक वस्तूचं नाव स्पष्ट लिहून घ्यावं, नुसतं ऑटो पार्ट्स लिहिलेलं पार्सल अडकतं. इंजिन आणि त्याला लागून असलेलं सगळं धरून १ लाख ४० हजार झाले.

खरी अडचण इंजिनची नाहीच, ती आहे ह्या गाडीपुरत्याच बनलेल्या गोष्टींची. दाराची काच, बीडिंग (काचेच्या कडेची पट्टी), टपाच्या कडेचं रबर. इंजिन कुठूनही येईल, पण हे जगात दुसऱ्या कुठल्या गाडीला लागत नाही. रबरं मी मुंबईत एकाकडून जुन्या तुकड्याच्या सेक्शनवरून, म्हणजे आडव्या छेदाच्या आकारावरून, बनवून घेतली. ब्रेकच्या मास्टर सिलिंडरचं किट असंच, जुना सिलिंडर खोलून, बोअर मोजून, दुकानोदुकानी जुळवून बघत. आमचे मेकॅनिक भाऊ त्यात वस्ताद आहेत, बारीक मापं घ्यायचं व्हर्निअर खिशात घेऊनच फिरतात. ब्रेक, सस्पेन्शनचे बुश, टायर मिळून ८५ हजार, सीटचं आणि आतलं काम ४५ हजार.

पेट्रोलचाही एक मुद्दा आहे जो जुनी गाडी काढणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा. आता पंपावर सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे आणि २००१ च्या गाडीतल्या रबरी नळ्या त्यासाठी बनलेल्या नाहीत, त्या मऊ पडतात, फुगतात, झिरपायला लागतात. आणि फायबरच्या गाडीत पेट्रोल झिरपणं म्हणजे विषाची परीक्षा. टाकीपासून इंजिनपर्यंतच्या सगळ्या नळ्या इथेनॉल चालणाऱ्या घातल्या, पंपाची सील बदलली, टाकी आतून साफ केली. ह्यात काटकसर करू नका एवढंच सांगतो.

काही मित्र म्हणाले इंजिन कशाला जपतोस, सरळ नवं जपानी इंजिन घाल, नाहीतर इलेक्ट्रिक कर. दोन्हीचा मी नीट विचार केला. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीत जे लिहिलंय, कंपनीने जसं बनवलंय, त्यापेक्षा वेगळा मूलभूत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते स्पष्ट केलं. दुसऱ्या कंपनीचं इंजिन घातलेली गाडी पासिंगला उभी करणं म्हणजे नाही ऐकायला जाणं. इलेक्ट्रिकला वाट आहे, एआयएस-१२३ नावाचं मानक आहे, पण त्यात किट बनवणाऱ्याने त्या त्या मॉडेलसाठी किट टेस्ट करून मंजूर करून घ्यायचं असतं. अल्टो, वॅगनआरसाठी कुणी ते करेल, रस्त्यावर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरलेल्या स्टॉर्मसाठी कोण करणार? म्हणून मूळ इंजिन, मूळ नंबर. आणि मनापासून सांगायचं तर मला तेच हवं होतं.

नंबरावरून आठवलं. पासिंगच्या वेळी चॅसी नंबरचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर खोदलेल्या नंबरचा, छापा घेतात, कागद ठेवून वरून पेन्सिल घासायची की आकडे उमटतात. ह्या गाडीचा चॅसी नंबर गंजाच्या थराखाली गेलेला, शेवटचे तीन आकडे दिसतच नव्हते. आता गंज घासून काढावा तर जास्त घासलं की खोदलेले आकडेच पुसट होतात, आणि पुसट आकडे म्हणजे नंबर खोडल्याचा संशय, मग पोलीस, फॉरेन्सिक, सगळंच. मेकॅनिक भाऊंनी गंज उतरवायचं लिक्विड कापसाने लावून लावून, टूथब्रशने, अख्खी एक दुपार त्यात घालवली, एमरी पेपरला हात लावला नाही. मग पांढरा खडू घासला, हलकेच पुसला, आणि खोदलेल्या रेघांत खडू राहून आकडे पांढरे उठून आले. तो छापा पहिल्याच झटक्यात स्वच्छ आला. त्या कागदाचा फोटो मी अजून फोनमध्ये ठेवलाय. जुनी गाडी घेताना सगळ्यात आधी हा नंबर बघा, पेंट आणि सीट नंतर.

पीयूसीबद्दल लोकांना उगाच भीती असते. जुन्या गाडीला आजचे बीएस-६ चे प्रदूषणाचे नियम लागत नाहीत, ती बनली तेव्हाचे लागतात. बीएस-२ च्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला आयडलिंगला, म्हणजे गाडी जागेवर उभी ठेवून इंजिन चालू असताना, कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमपर्यंत चालतं, बीएस-२ आणि बीएस-३ च्या गाड्यांना तेच ०.५ टक्के आणि ७५० आहे. इंजेक्टर साफ केले, प्लग बदलले, आणि गाडी आरामात बसली. विम्याचं मात्र तसं नाही. ऑनलाइन यादीत ना कंपनी ना मॉडेल, सगळं ऑफिसात जाऊन हाताने. थर्ड पार्टीचा दर १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये अधिक जीएसटी, तो मिळाला. पण गाडीला स्वतःला काही झालं तर भरपाई किती, यावर कुणी आकडा द्यायला तयार नाही, कारण त्यांच्या हिशोबात गाडीची किंमत शून्य. जवळजवळ साडेसहा लाख घातलेल्या गाडीची किंमत शून्य हे पचायला जड गेलं.

नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून मोटारीला ५,००० रुपये आणि मुदत उलटल्यापासून प्रत्येक महिन्याला ५०० रुपये उशिराचे. माझं काम २०२४ मध्ये झालं, उशिराचेच बारा-तेरा हजार भरले. त्यानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या मोटारींची ही फी १०,००० केली, आयात केलेली असेल तर ८०,०००. मग एनओसी फॉर्म २८, गाडी चोरीची नाही याचा दाखला, इकडे येऊन नवा नंबर आणि मालकी बदलण्यासाठी फॉर्म २७, २९, ३०, इथला वन टाइम टॅक्स जो वयाप्रमाणे कमी होत जातो पण त्यासाठी मूळ किंमत किती होती ते दाखवायला लागतं. आंटींनी २००१ चं बिल जपून ठेवलेलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत, गाडीच्या पहिल्या दिवसाच्या फोटोसकट. ते नसतं तर परत अडलो असतो. पर्यावरण कर वेगळा. २०२५ मध्ये एचएसआरपी, म्हणजे नवी सुरक्षित नंबरप्लेट, आली, पाटीचे ७४५ अधिक जीएसटी, रक्कम काहीच नाही, पण बुकिंगच्या पानावर गाडीची कंपनी निवडा म्हणतात आणि यादीत ती नाही, म्हणून तेही अर्ज-विनंती करूनच झालं. सगळे कागद धरून ५० हजार. एकूण हिशोब ६ लाख ४० हजारांच्या घरात जातो.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते सांगतो. आपल्या सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले, चांगले केले, व्हीए अशी वेगळी नंबर सीरिज, २०,००० फी, १० वर्षांचं रजिस्ट्रेशन. पण अट ५० वर्षांची. ५० वर्षं झालेली गाडी वारसा, आणि १५ वर्षं झालेली गाडी भंगार, असं आज चित्र आहे. मधल्या ३५ वर्षांचं काय? कुठलीही गाडी ५० वर्षांची व्हायला आधी ती २५ वर्षांची व्हावी लागते, ३० ची, ४० ची व्हावी लागते. त्या वर्षांत तिला दर ५ वर्षांनी वाढती फी, पर्यावरण कर, विम्यात शून्य किंमत, आणि दिल्लीसारख्या ठिकाणी १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर २०१४-१५ पासून हरित लवादाच्या आणि २०१८ पासून सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने बंदीची टांगती तलवार. ब्रिटनमध्ये ४० वर्षांला ऐतिहासिक गाडी मानतात, रोड टॅक्स माफ करतात. आपण निदान २५-३० वर्षांच्या, वर्षाला ठरावीक किलोमीटरच चालणाऱ्या, मूळ स्थितीतल्या गाड्यांसाठी एक वर्ग करायला काय हरकत आहे? स्टॉर्म, सिएरा, जुनी जिप्सी, कॉन्टेसा, आपल्या देशात गाड्या कशा बनत गेल्या हे ज्यांच्याकडे बघून कळतं त्या गाड्या नेमक्या ह्याच मधल्या खड्ड्यात पडून कापल्या जातायत. विदेशी रोल्स आणि पॅकार्ड वाचल्या, त्या राजेरजवाड्यांच्या होत्या. आपल्या कारखान्यात आपल्या लोकांनी बनवलेल्या वाचत नाहीयेत, आणि हे मला फार लागतं.

ही गाडी परत बनवायला का सुरू करत नाहीत असंही पेट्रोल पंपावर कुणी ना कुणी विचारतंच. पुण्यात गाड्यांच्या टेस्टिंगमध्ये काम करणाऱ्या माझ्या मित्राशी यावर खूप बोलणं झालं. आज तीच गाडी तशीच बनवली तर ती विकताच येणार नाही. बीएस-६, त्यात एप्रिल २०२३ पासून प्रत्यक्ष रस्त्यावर चालवून मोजायचं प्रदूषण, समोरून आणि बाजूने धडक चाचणी, दोन एअरबॅग, एबीएस, सीटबेल्टचा आणि वेगाचा इशारा, मागचे सेन्सर. म्हणजे धडक चाचणीला तीच फायबर बॉडी, तेच दार टिकवायचं तर आतली चौकट नव्याने काढायला लागेल, एअरबॅग बसवायची तर डॅशबोर्ड नवा, नवं इंजिन तर नवा गिअरबॉक्स, आणि मग ती स्टॉर्म उरतेच किती. शिवाय प्रोटोटाइपची, म्हणजे पहिल्या नमुना गाडीची, टेस्ट १० गाड्या विकायच्या असोत की १० हजार, तीच. हा खर्च दहा हजार गाड्यांवर वाटला तर कळतही नाही, शंभर गाड्यांवर वाटला तर प्रत्येक गाडी कुणालाच परवडणार नाही अशी होते.

अमेरिकेने ह्याच्यावर मार्ग काढून बघितला. डिसेंबर २०१५ मध्ये कायदा केला की छोट्या कंपनीने २५ वर्षांपूर्वीच्या गाडीसारखी दिसणारी गाडी वर्षाला ३२५ पर्यंत बनवली तर धडक चाचणीसारख्या गोष्टी माफ, इंजिन मात्र आजच्या प्रदूषण नियमातलंच हवं, आणि मूळ डिझाइनचा परवाना हवा. टेक्सासमधल्या कंपनीने २०१६ मध्ये लगेच जाहीरही केलं की १९८० च्या दशकातली स्टेनलेस स्टीलच्या बॉडीची डीलोरियन स्पोर्ट्स कार आम्ही परत बनवतो, तीनशेच्या आसपास. पण कायद्याखालचे नियम जे वर्षभरात यायचे ते आले मार्च २०२२ मध्ये, तोवर ठरवलेलं इंजिन जुनं झालं, किंमती बदलल्या, आणि ती गाडी काही बनली नाही. ब्रिटनमध्ये टीव्हीआर या स्पोर्ट्स कार कंपनीने २०१७ मध्ये आपली ग्रिफिथ ही गाडी नव्याने दाखवली, ९० हजार पौंड किंमत सांगितली, लोकांनी पैसे भरले, अजून कुणाला गाडी मिळालेली नाही. तिथे कायद्याने दार उघडून, मोठी नावं असून हे होतं. म्हणून मला वाटतं नवीन बनवायच्या स्वप्नापेक्षा ज्या बनल्यायत त्या जगवणं जास्त खरं काम आहे, आणि ते एकट्यादुकट्या माणसाला जमण्यासारखं आहे, महाग असलं तरी.

नवी आरसी आल्यावर आंटींना गाडीतून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घेऊन गेलो, टप काढून. त्या डोक्याला स्कार्फ बांधून बसल्या आणि वाटेत सांगत राहिल्या की कुठल्या वळणावर त्यांचे मिस्टर जोरात घ्यायचे.

पुढचं नूतनीकरण २०२९ मध्ये, तेव्हाची फी तेव्हा बघू. आत्ता माझी अडचण डाव्या दाराच्या काचेची आहे. तिला खालच्या कोपऱ्यात चीर आहे, ती वाढतेय, आणि काच बनवणारे म्हणतात नमुना अख्खा हवा. कुणाकडे, किंवा कुणाच्या ओळखीत, बंद पडलेली का असेना स्टॉर्म असेल आणि तिची डावी काच धड असेल, तर मला फक्त तिचा साचा काढू द्या, काच जागेवरून हलवणारही नाही. आणि बीडिंगचा सेक्शन माझ्याकडे तयार आहे, ज्याला हवा त्याने सांगा, बनवण्याच्या खर्चात पाठवतो.